इंजिन निघालं की होडी वर येते

आमच्या घरात 'एकदा कोयनेच्या पाण्यावर...' एवढे शब्द माझ्या तोंडून निघाले की माणसं उठायला लागतात. बायकोला भांडी आठवतात. मुलीला मैत्रिणीचा फोन आठवतो. जावई नवीन आहे, तो रीतभात म्हणून बसून राहतो आणि मानेनं हूं हूं करतो. पण मागच्या खेपेला माझ्या आधी त्यानंच "मग सोनाकाकी होडीत बसल्या" असं म्हटलं, तेव्हा हे गिऱ्हाईकही संपलं हे मी ओळखलं. म्हणून आता लिहून काढतो आहे. छापलेल्या गोष्टीवरून उठून जाता येत नाही. पान उलटता येतं, पण ते मला दिसणार नाही.

माझा धंदा विहिरींतून आणि नदीकाठच्या जॅकवेलांतून जड वस्तू वर काढण्याचा. जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी उपसायला काठावर बांधलेली खोल विहीर. सांगलीजवळ कृष्णाकाठी आमचं गाव. पूर येऊन गेला की मोटारी आणि इंजिनं गाळात रुतून बसतात, आणि सगळी पंचक्रोशी कपाळाला हात लावते तेव्हा आमचा हंगाम सुरू होतो. लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं, "मुलगा करतो काय?" तेव्हा अण्णांनी एवढंच सांगितलं, "बुडालेलं वर काढतो." सासऱ्यांना वाटलं, मी सोसायटीचा वसुली अधिकारी आहे. तो गैरसमज लग्नानंतर दूर झाला.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. धंदा त्यांचा, नाव त्यांचं, अक्कलही त्यांचीच. माझ्याकडे साखळी ओढण्याचं काम आणि मधूनमधून नको तिथं बोलण्याचं.

आमचं सामान फार नाही. लोखंडी पाइपांच्या दोन घोड्या. माणूस पाय फाकून उभा राहावा तशा उभ्या राहतात. एक घोडी विहिरीच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला, वर आडवा गर्डर. गर्डरवर चाकांचा छोटा गाडा आणि गाड्याला टांगलेली चेन पुली. हातानं साखळी ओढत राहिलं की हूक इंचाइंचानं वर येतो. वस्तू काठाच्या वर आली की गाडा बाजूला ढकलायचा आणि ती जमिनीवर टेकवायची. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे? अण्णा म्हणायचे, "उचलायचं कोणबी उचलतंय रं. ठिवणार कुठं, ते आदी सांग." खाली ठेवायची जागा तयार झाल्याशिवाय त्यांनी कधी साखळीला हात लावू दिला नाही. पट्टा बांधला की वस्तू बोटभर उचलायची आणि थांबायचं. तंबाखू मळून होईपर्यंत नुसतं बघत बसायचं. जे सरकायचं, सुटायचं, तुटायचं असेल ते बोटभर उंचीवर होऊ दे. आणि टांगलेल्या वजनाखाली माणसाचं नखसुद्धा जाता कामा नये.

गिऱ्हाईकं एकेक असत. दोन भावांच्या सामाईक विहिरीतली मोटार काढत होतो. धाकटा म्हणाला, "काढा." निम्म्यावर आली तेव्हा थोरला धावत आला, "सोडा खाली!" "काढा!" "सोडा!" अण्णांनी मोटार अधांतरी ठेवली, साखळी बांधून टाकली आणि डबा उघडला. "तुमचं ठरंपत्तुर आमी जेवतो." दोघे भाऊ तासभर त्या लोंबणाऱ्या मोटारीच्या दोन बाजूंना बसून राहिले. शेवटी थोरल्यानंच मला पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "काढा एकदाची. मान दुखाय लागली बघून."

अशा विहिरी पुष्कळ झाल्या. पण मन परत परत जातं ते त्या लाँचकडे.

कोयनेच्या धरणाचं पाणी साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरांच्या घड्यांतून लांबवर पसरलेलं आहे. त्या पाण्याकाठच्या गावांना तेव्हा रस्ता नव्हता. बाजार, दवाखाना, शाळेचा मास्तर, लग्नाची नवरी, सगळं लाँचनं ये-जा करायचं. एका गावानं मिळून घेतलेली अशीच एक लाकडी लाँच होती. हिरव्या रंगाची, पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. ती चालवायचा कोंडिबा. सडपातळ माणूस, कानाला मफलर उन्हाळ्यातही. इंजिनाचा आवाज डोंगरावर आपटून परत यायचा. तो ऐकून पलीकडच्या बायका चुलीवर चहा ठेवायच्या, इतका तो आवाज घरचा होता.

एका मे महिन्यात ते इंजिन बसलं. आतून खडखडाट आणि काळा धूर. साताऱ्याच्या एमआयडीसीतला फिटर म्हणाला, "इथं आणा, नवं करून देतो. तिथं येऊन काही होणार नाही." पण आणायचं कसं? पाच क्विंटलच्या वरचं धूड, लाँचच्या पोटात. काठापर्यंत क्रेन जाईल असा रस्ता नाही. आणि मिरगाचा पाऊस तोंडावर आलेला. त्या भागात पाऊस लागला की चार महिने सूर्य दिसत नाही. लाँच बंद म्हणजे गाव बंद. गेल्या पावसाळ्यात कोंडिबाची थोरली सून अडली होती, तेव्हा ह्याच लाँचनं तिला वेळेवर दवाखान्यात नेलं होतं. धाकटीला आता सातवा लागला होता. त्यानं अण्णांना सांगितलं ते एवढंच, "इंजिन गेलं तर गेलं. व्हडी फुटाय नको. व्हडी ऱ्हायली तर वल्ही मारू, पन जाऊ."

त्या फिटरला अण्णा ठाऊक होते, म्हणून बोलावणं आलं. आम्ही घोड्या, गर्डर, पुली टेम्पोत घातली आणि शेवटची वाट गावकऱ्यांच्या खांद्यांवरून नेली.

अण्णांनी जागा झकास निवडली. उन्हाळ्यात पाणी मागे सरून काठाला एक अरुंद ओघळ उघडी पडली होती. दोन्हीकडे बांध, मधे लाँच जेमतेम मावेल एवढं पाणी. "ही बघ, आडवी हीर," अण्णा म्हणाले. लाँच दोर लावून आत ओढली. एका बांधावर एक घोडी, दुसऱ्यावर दुसरी, वर गर्डर. इंजिन उचलायचं, लाँचच्या काठावरून गाड्यानं बांधाकडे न्यायचं, तिथं पसरलेल्या फळ्यांवर ठेवायचं. अण्णांनी टेपनं उंची मोजली. हूक पूर्ण वर गेला तर इंजिनाचं बूड लाँचच्या काठावरून चार बोटं वर राहत होतं. "लय झालं," ते म्हणाले. मीही "लय झालं" म्हणालो. माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

बघायला अख्खं गाव. मे महिना म्हणजे मुंबईची चाकरमानी मंडळी सुट्टीला आलेली. टोप्या, गॉगल, लेकरं, कडेवरची लेकरं. बांधावर बसायला जागा नाही.

आमच्या घराण्याची एक शिस्त आहे. विहिरीत उतरण्याआधी विहीर रिकामी करायची. फांद्या, दोर, बादल्या, पाणी, काही आत ठेवायचं नाही. कामाच्या जागी अडगळ नको. तीच शिस्त आम्ही लाँचला लावली. छपराचे पत्रे सोडवले, बाकडी काढली, तळाच्या फळ्या काढल्या. डिझेलचे डबे, नांगर, दोरखंडं बाहेर. बुडाला साचलेलं तेलकट पाणी डब्या-डब्यानं उपसून काढलं. लाँच अशी लख्ख केली की कोंडिबा म्हणाला, "लगीन लावायचंय का हिचं?"

मग पाणी कापणाऱ्या पंख्याचा दांडा सोडवला, डिझेलची नळी, धुराचा पाइप. बुडाचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. ते मी काढले. त्यात अर्धा दिवस आणि माझ्या अंगठ्याचं नख गेलं. दुपारी कोंडिबानं मोठ्या मायेनं आम्हाला जेवायला बसवलं आणि पुढ्यात एवढा थोरला मासा ठेवला. आम्ही जैन. अण्णा माशाकडे बघायचे, मासा अण्णांकडे. कोंडिबाच्या घरधनिणीच्या ध्यानात आलं, तिनं कपाळाला हात लावला आणि नाचणीची भाकरी, ठेचा, ताक आणलं. "रातीला तरी गरम वाढू का?" अण्णा म्हणाले, "दिस मावळायच्या आत जेवतो आमी. त्याच्या आत तुमचं इंजिन वर."

पट्टे बांधले. बोटभर उचललं, तंबाखू मळली. काही सरकलं नाही. मग मी साखळी ओढत राहिलो. कडकड कडकड करत इंजिन वर यायला लागलं. बांधावरून टाळ्या. मी जरा छातीही काढली असेन.

आणि मग काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. इंजिन वर येत होतं, पण काठ गाठायला साखळी काही पुरेलसं दिसेना. मी ओढावं, इंजिन वर, तरी काठ पुढंच. शर्यतच लागल्यासारखी. अण्णा ओरडले, "वड रं!" मी ओढलं. हूक जाऊन पुलीच्या पोटाला भिडला. तरी अण्णा, "अजून वड!" मी सगळा भार टाकून आणखी एक हिसका दिला. साखळी कचकन आत चावली आणि अडकली. आता वर जाईना, खाली येईना. इंजिनाचं बूड लाँचच्या काठाच्या तीन बोटं खाली.

अण्णांनी काठाकडे बघितलं, लाँचच्या अंगावरच्या पाण्याच्या ओल्या रेघेकडे बघितलं. ती रेघ अर्धी वीत हवेत होती. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"शांत्या," ते हळूच म्हणाले, "हीर कवा वर येती का रं?"

"न्हाई, अण्णा."

"व्हडी येती."

सकाळी उंची मोजली ती भरल्या लाँचवर. त्यानंतर आम्हीच पत्रे काढले, बाकडी काढली, पाणी उपसलं आणि वर पाच क्विंटलचं इंजिन उचललं. हलकी झाली तशी ती तरंगत वर आली. आयुष्यभर जमिनीत खणलेल्या भोकांतून वस्तू काढणाऱ्या आम्हा शहाण्यांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. विहीर रिकामी केली तरी आपल्या जागी राहते.

एवढ्यावर भागतं तर हसलो असतो. पण पलीकडच्या घोडीचा एक पाय ओल्या मातीत बसायला लागला होता. गर्डर एका अंगानं जराजरा कलत होता. तो पाय गेला असता तर इंजिन सरळ लाँचच्या पोटातून खाली. कोंडिबाला ते कळलं.  तो जाऊन लाँचच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हात ठेवून उभा राहिला, बैलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

अण्णांनी सगळ्यांना मागं हटवलं. पायाखाली दगड सारायला चौघे लावले. तेवढ्यात सोनाकाकी उठल्या. पलीकडच्या वाडीच्या. सकाळी बाजाराला म्हणून दुसऱ्याच्या डोणीतून इकडं आलेल्या, बरोबर दोन कोंबड्या आणि मिठाची पिशवी, आणि ही लाँच आज संध्याकाळी निघेल असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. ताटकळून त्यांचा जीव वैतागला होता.

"किती येळ हुबं ऱ्हायाचं?" त्या म्हणाल्या. "मी बसते आत. निगायचं तवा निगा."

कोणी 'आवं, काकी' म्हणेपर्यंत त्या शेवटच्या टोकाला कोंबड्यांसकट बसल्यासुद्धा.

लाँच तिथं किंचित दबली. नखभर. इंजिन मात्र होतं तिथंच लोंबकळत राहिलं.

"काकी, हलू नगा!" अण्णा असे ओरडले की कोंबड्या फडफडल्या.

"न्हाई हलत, बाबा!" काकी घाबरून म्हणाल्या. "उतरू का?"

"उतरू नगा! आनखी मानसं पाठवा!"

मग जे झालं त्याला मी आजही वरात म्हणतो. अण्णांनी बांधावर उभं राहून लग्नात पंगत बसवावी तशी लाँचमध्ये माणसं बसवली. इंजिनाच्या खाली आणि ते जाणार त्या वाटेवर कोणी नाही. निम्मी पुढच्या टोकाला, निम्मी मागच्या, आणि सगळी इंजिन जाणार त्या बांधाच्या अंगाला, म्हणजे तोच काठ जास्त खाली जाईल. "मुंबईवाली आदी घ्या, ती भरल्याली हाईत!" हशा झाला. एक ढेरपोटे गृहस्थ गॉगल सावरत उतरले. अण्णांनी त्यांना हात जोडले. "तुमी दोगांच्या जागी. जरा मागं सरका." ते सरकले, लाँच दबली, आणि गावानं त्यांना 'बाळासाहेब की जय' म्हटलं. नवऱ्यामुलासारखे लाजले बिचारे.

मी गाड्याजवळ काठाला डोळा लावून बसलो होतो. इंजिन आणि काठ बरोबरीला आले. मग एका बोटाची फट. पलीकडे पायाखालचा दगड सरकला आणि गर्डर करकरला.  

"आनखी दोगं," अण्णा म्हणाले. आवाज कोरडा.

दगड सारणारे चौघे सोडले तर बांधावर आता कोणी राहिलं नव्हतं. फक्त कोंडिबा आणि त्याची धाकटी सून. तो नाळ सोडून आत गेला आणि सोनाकाकींच्या शेजारी बसला. पाठोपाठ सूनही निघाली, सातव्या महिन्याची. अण्णांनी तिला हातानं थांबवलं. "तू न्हवं, बाय. तुज्यासाठीच चाललंय हे." आणि पन्नाशी उलटलेले अण्णा स्वतः धोतर सावरत मागच्या टोकाला जाऊन बसले.

दोन बोटं.

"शांत्या, ढकल."

मी ढकललं. पाच क्विंटलचं इंजिन हिरव्या काठावरून, माणसांच्या दोन घोळक्यांमधून, पाळण्यातल्या पोरासारखं हलत बांधाकडे गेलं. खाली फळ्यांवर फळ्या रचल्या, पाचरी मारल्या, वजन टेकवलं. मग हातोड्याच्या दोन घावांनी चावलेली साखळी सुटली. लाँचमधले सगळे एकदम उठू लागले, तसे अण्णा पुन्हा ओरडले, "एकेक! एकेक उतरा! पालथी करताय व्हय!"

सूर्य डोंगराला टेकला होता. अण्णांनी तिथेच लाँचच्या कडेला बसून भाकरी खाल्ली. सोनाकाकी त्यांना म्हणाल्या, "म्या काय चुकीचं क्येलं का?" त्यावर अण्णांनी आपल्या पानातली भाकरी मोडून अर्धी त्यांना दिली.

इंजिन गावानं फळ्यांवरून सरकवत टेम्पोपर्यंत नेलं आणि ते साताऱ्याहून नवं होऊन आलं. बसवताना आम्ही सगळ्या गावाला आधीच आत बसवलं होतं आणि उंची दोनदा मोजली होती. पावसाच्या आधी ते सुरू झालं. पहिला आवाज डोंगरावर आपटून आला तेव्हा कोंडिबानं मफलर काढून डोळे पुसले आणि म्हणाला, धूर गेला डोळ्यात. सून त्याच लाँचनं श्रावणात दवाखान्यात गेली आणि पोरगी घेऊन आली.

पुढं मी पुष्कळ वर्षं काही ना काही निमित्तानं तिकडे जात राहिलो. कधी नोझल बदलायला, कधी नुसता. खरं म्हणजे नुसताच. अण्णा गेल्यावर तर जास्तच. आमच्याकडे ऊस गाळायच्या दिवसांत गुऱ्हाळावर दोन सिलिंडरचं इंजिन लागलं की मी मोटारसायकल थांबवतो. बायको मागं बसलेली असेल तर म्हणते, "झाली का तुमची लाँच सुरू?" झालेली असते.

यंदा थंडीत कोंडिबाचा फोन आला. पलीकडे जायला आता पूल होतोय, अलीकडे काठापर्यंत डांबरी रस्ता. पाण्यावर लाल जॅकेटं घातलेले पर्यटक, त्यांच्या होड्यांना मागं चिमुकली यंत्रं. आपली लाँच एका हॉटेलवाल्याला हवी होती, अंगणात ठेवून तिच्यात फुलं लावायला. इंजिन त्याला नको होतं. "तुमी बसिवलंय," कोंडिबा म्हणाला, "तुमीच येऊन काडा."

मी घोड्या घेऊन गेलो नाही. पुलाच्या कामावरची हायड्रा क्रेन काठाला उभी होती. मी तिच्या ऑपरेटरला सांगितलं, "अहो, इंजिन उचललं की होडी वर येणार. तेवढी उंची धरा."

तो हसला. "काका, धा फूट उचलतोय मी. येऊ द्या की वर किती यायची ती."

त्याचं बरोबरच होतं. चहा निवायच्या आत इंजिन ट्रकवर होतं. बघायला कोणी नव्हतं. गावातली बहुतेक घरं बंद. मुंबईची मंडळी मे महिन्यातसुद्धा आता क्वचितच येतात, आणि सोनाकाकी नवी मुंबईत कामोठ्याला नातवाच्या चौथ्या मजल्यावर असतात. काकी पहिल्या मजल्यावरच्या लोकांनाही ही गोष्ट सांगतात, असं कोंडिबा म्हणाला. म्हणजे माझ्यासारखं आणखी कोणीतरी आहे.

ट्रक गेला. लाँच पाण्यावर उंच, पोकळ, एका अंगाला कलून उभी होती. ओली रेघ अर्धी वीत वर. तिच्याकडे बघवेना.

"बसायचं का जरा?" कोंडिबा म्हणाला.

आम्ही आत जाऊन मागच्या टोकाला बसलो. अण्णा बसले होते तिथं. त्यानं मफलर नीट केला. मी काठावरून वाकून रेघ बघितली. त्यानंही बघितली.

"जरा मागं सरका," तो म्हणाला.

मी सरकलो. होडी होती तेवढीच वर राहिली.